प्राणीपेशी द्रावणात फुगेल की आकसेल, हे कसे ठरवावे

तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात फुटते, मिठाच्या दाट द्रावणात आकसते आणि ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात जशीच्या तशी राहते, एवढे बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. प्रश्नात मिठाऐवजी युरिया आला किंवा दोन पदार्थ एकत्र आले की हे पाठांतर मात्र उपयोगी पडत नाही. द्रावण दाट आहे की पातळ, एवढेच पाहण्याची सवय या घोटाळ्याच्या मुळाशी आहे. पेशीचे काय होणार हे ठरते ते द्रावणातील कोणते कण पेशीपटल ओलांडू शकत नाहीत आणि त्यांची संख्या किती आहे यावरून. हे गणित क्रमाने कसे मांडावे आणि आलेले उत्तर प्रयोगाने कसे पडताळून पाहावे, याची रीत पुढे दिली आहे.

आधी पटलाविषयी थोडेसे

परासरण म्हणजे निवडक्षम पारपटलातून पाण्याचे होणारे वहन. ज्या बाजूला पटल न ओलांडणारे कण कमी आहेत तिकडून ज्या बाजूला ते जास्त आहेत तिकडे पाणी जाते. पेशीपटल मेदाच्या दुहेरी थराचे असते. त्यातून पाणी थोडेफार झिरपते, परंतु पुष्कळ पेशींत पाण्याला जाण्यासाठी प्रथिनांच्या खास वाहिन्या असतात आणि त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. १९९२ साली पीटर ॲग्रे यांच्या गटाने तांबड्या रक्तपेशीतील असे प्रथिन बेडकाच्या अंडपेशीत तयार करवले. एरवी पातळ द्रावणातही बराच काळ टिकून राहणाऱ्या या अंडपेशी त्या प्रथिनामुळे काही मिनिटांत फुगून फुटल्या. या शोधासाठी ॲग्रे यांना २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. आपल्या दृष्टीने यातून घ्यायचे ते इतकेच, की तांबड्या रक्तपेशीत पाणी क्षणार्धात आत-बाहेर होते आणि त्यामुळे परासरण पाहण्यासाठी तिच्याइतकी सोयीची पेशी दुसरी नाही.

प्राणीपेशीला पेशीभित्तिका नसते. वनस्पतीपेशी पाण्यात ठेवली तर ती फुगते, पण भित्तिकेला टेकून थांबते. प्राणीपेशीला असा आधार नाही. म्हणून तिच्या बाबतीत केवळ पाण्याची दिशा सांगून भागत नाही, पाणी किती शिरेल आणि पटल तेवढे पेलेल का, हेही सांगावे लागते.

पहिले काम: कण मोजावेत, वजन नव्हे

टक्केवारी वजन सांगते आणि परासरणाला वजनाशी देणेघेणे नसते. एका लिटरमधील ९ ग्रॅम मीठ म्हणजे सुमारे १५४ मिलिमोल. पाण्यात त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन सुटे होत असल्यामुळे कणसंख्या दुप्पट, म्हणजे ३०८ मिलिऑस्मोल (लिटरमधील सुट्या कणांची संख्या सांगणारे एकक) होते. प्रत्यक्षात हे आयन एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र वागत नाहीत, त्यामुळे उपकरणावर मोजलेला आकडा २९० च्या आसपास येतो. मानवी रक्तद्रवाचा आकडाही साधारण २८० ते ३०० यांच्या दरम्यान असतो. ग्लुकोजचे रेणू सुटे होत नाहीत आणि प्रत्येक रेणू मिठाच्या मानाने जड असतो, म्हणून ३०० मिलिऑस्मोल गाठण्यासाठी लिटरमागे ५४ ग्रॅम ग्लुकोज लागते, तर सुक्रोज, म्हणजे नेहमीची साखर, सुमारे १०३ ग्रॅम. युरियाचा रेणू लहान असल्याने १८ ग्रॅम पुरतो. म्हणजे ०.९ टक्के मीठ, ५.४ टक्के ग्लुकोज, १०.३ टक्के साखर आणि १.८ टक्के युरिया ही चारही द्रावणे कणसंख्येने जवळपास सारखीच आहेत. आकडेमोडीसाठी पेशीच्या आतील बाजूही ३०० धरावी. तेवढी अचूकता पुरेशी होते.

दुसरे काम: जे कण आत शिरू शकतात ते खोडावेत

सारी गोम याच टप्प्यात आहे आणि पाठ्यपुस्तके नेमका हाच टप्पा घाईने उरकतात.

पटल ओलांडून आत शिरणारा कण काही वेळाने दोन्ही बाजूंना सारखा पसरतो आणि मग पाण्याला कोणत्याच बाजूला ओढू शकत नाही. म्हणून पेशीचे अखेरीस काय होणार हे ठरवताना असे कण हिशेबात धरायचेच नाहीत. युरिया तांबड्या रक्तपेशीत सहज शिरतो, अल्कोहोल तर पटलातून थेट पार होते. साखर आणि मॅनिटॉल (साखरेसारखा एक पदार्थ) यांना बाहेरच राहावे लागते.

मिठाचे प्रकरण जरा निराळे आहे. सोडियम पटलातून हळूहळू आत झिरपतच असतो, परंतु पटलातील सोडियम-पोटॅशियम पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. हिशेबाला परिणाम असा, की सोडियम जणू आत शिरतच नाही. हा पंप विषाने किंवा ऊर्जेच्या अभावाने बंद पडला, तर अगदी समपरासारी, म्हणजे पेशीइतकीच कणसंख्या असलेल्या, द्रावणातही प्राणीपेशी सावकाश फुगत जाते, कारण आत अडकलेल्या प्रथिनांचे आणि इतर मोठ्या रेणूंचे पारडे जड होते. प्राणीपेशीचे आकारमान हे असे सतत ऊर्जा खर्चून राखलेले असते, ही गोष्ट समपरासारी द्रावणाच्या शांत दिसणाऱ्या चित्रात लपून जाते.

ग्लुकोजविषयी एकच उत्तर देता येत नाही. मानवी तांबड्या रक्तपेशीच्या पटलात ग्लुकोजचे वाहक प्रथिन विपुल असते, त्यामुळे ते झपाट्याने आत जाते. शिरेतून दिले जाणारे ५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, बाटलीत असताना कणसंख्येने रक्ताच्या जवळ असते. शरीरात गेल्यावर ग्लुकोज पेशींत शिरून वापरले जाते आणि मागे केवळ पाणी दिल्यासारखा परिणाम उरतो. हे द्रावण रक्ताच्या पिशवीबरोबर एकाच नळीतून देत नाहीत, त्याचे एक कारण हेच आहे. शुद्ध पाणी शिरेतून थेट कधीच का देत नाहीत, ते तर वेगळे सांगायला नको.

ग्लिसरॉलच्या बाबतीत तर प्राण्यागणिक उत्तर बदलते. मानवी तांबड्या पेशीत ते लगेच शिरते आणि पेशी लवकर फुटते. गाय किंवा मेंढी यांच्या पेशीत ते फार सावकाश शिरते, म्हणून त्या त्याच द्रावणात बराच वेळ तग धरतात. द्रावणाला समपरासारी, अवपरासारी किंवा अतिपरासारी हे विशेषण लावताना कोणत्या पेशीच्या संदर्भात, हे मनात तरी स्पष्ट असले पाहिजे.

तिसरे काम: दिशा आणि प्रमाण काढावे

खोडाखोड झाल्यावर बाहेर उरलेले कण ३०० पेक्षा कमी असतील तर द्रावण अवपरासारी, पाणी आत जाणार. जास्त असतील तर अतिपरासारी, पाणी बाहेर येणार. जवळपास तेवढेच असतील तर समपरासारी. समपरासारी द्रावणातही पाण्याचे रेणू दोन्ही दिशांनी सारखे ये-जा करत असतात, फक्त निव्वळ वहन शून्य असते. ‘पाणी थांबते’ असे उत्तरपत्रिकेत लिहू नये.

प्रमाणासाठी एक साधी रीत आहे. तांबड्या रक्तपेशीच्या आकारमानापैकी साधारण ४० टक्के भाग, मुख्यतः हिमोग्लोबिनमुळे, परासरणाच्या दृष्टीने निष्क्रिय धरावा आणि उरलेला ६० टक्के भाग बाहेरच्या कणसंख्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो असे समजावे. मिठाचे द्रावण ०.६ टक्के असेल तर बाहेरची कणसंख्या सुमारे २०० होते. ६० ला ३०० ने गुणून २०० ने भागले की ९० येतात, त्यात ४० मिळवले की १३०. म्हणजे पेशी मूळच्या १.३ पट होईल. १.८ टक्के मिठात, म्हणजे ६०० मिलिऑस्मोलला, ६० चे ३० होतात आणि पेशी मूळच्या ७० टक्क्यांवर येते. दाट द्रावणात पेशी कधीच ‘नाहीशी’ होत नाही, कारण निष्क्रिय भाग तसाच राहतो.

चौथे काम: पेशी कुठवर ताण सोसेल ते पाहावे

मानवी तांबड्या रक्तपेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर, आकारमान सुमारे ९० फेम्टोलिटर (म्हणजे तितकेच घन मायक्रोमीटर) आणि पटलाचे क्षेत्रफळ साधारण १३५ ते १४० चौरस मायक्रोमीटर असते. पटलाचे क्षेत्रफळ जवळजवळ वाढतच नाही. ते ३ ते ४ टक्के ताणले गेले तरी पटल फाटते. असे असूनही पेशी फुगू शकते, कारण ती दोन्ही बाजूंनी दबलेल्या चकतीसारखी, अर्धवट भरलेल्या पिशवीसारखी असते. पाणी शिरेल तशी ती गोल होत जाते आणि पूर्ण गोल झाली की पुढे वाव उरत नाही. १३६ चौरस मायक्रोमीटर क्षेत्रफळाच्या गोलाचे आकारमान काढले तर ते १४९ फेम्टोलिटर येते, म्हणजे मूळच्या सुमारे १.६५ पट.

आता वरचीच रीत ०.४५ टक्के मिठाला लावावी. कणसंख्या १५०, म्हणून ६० चे १२०, अधिक ४०, म्हणजे १६० टक्के. पेशी मर्यादेच्या काठावर येऊन ठेपली. प्रयोगशाळेतील तपासणीतही निरोगी मानवी पेशी फुटण्यास सुरुवात ०.५ ते ०.४५ टक्क्यांच्या आसपास होते आणि ०.३ टक्क्यांच्या सुमारास जवळपास साऱ्या फुटलेल्या असतात. भूमितीच्या दोन ओळींनी हा आकडा इतका जवळ यावा, याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या आजारात पेशी मुळातच गोलसर असतात, त्यांना फुगण्यास वाव कमी, म्हणून त्या याहून दाट द्रावणातच फुटू लागतात; एके काळी या आजाराचे निदान प्रामुख्याने याच तपासणीवर अवलंबून असे. उलट उंटाच्या लंबगोल पेशी मूळच्या दुपटीहून अधिक फुगूनही टिकतात.

हे सारे तांबड्या रक्तपेशीपुरते झाले. इतर अनेक प्राणीपेशी फुगल्यावर काही मिनिटांत पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर सोडतात, त्यामागून पाणी निघते आणि पेशी पुन्हा मूळ आकाराकडे येते. गोड्या पाण्यातील पॅरामेशियम आत शिरलेले पाणी संकोचशील रिक्तिकेने सतत बाहेर फेकत राहते. तो एकपेशीय जीव असून प्राणी नसला तरी भित्तिकेविना पातळ पाण्यात जगण्याचा हा उपाय लक्षात ठेवण्याजोगा आहे. अशा पेशींबद्दल उत्तर देताना ‘लगेच’ आणि ‘काही वेळाने’ असे दोन भाग करावेत.

अंड्यावरचा प्रयोग, आणि त्याची मर्यादा

सूक्ष्मदर्शी नसेल तर कच्चे अंडे चालते. ते व्हिनेगरमध्ये पूर्ण बुडेल असे ठेवावे; कवचातील कॅल्शियम कार्बोनेट विरघळू लागते आणि कवचावर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे दाटून बसतात. एका दिवसाने व्हिनेगर बदलावे, आणखी एक दिवस थांबावे आणि उरलेला पांढरा थर वाहत्या पाण्याखाली अंगठ्याने अलगद पुसून काढावा. आता हाती येते ते पापुद्र्यात गुंडाळलेले, उजेडासमोर धरले तर आतला बलक हलताना दिसतो असे अंडे. ते टिपून त्याचे वजन करावे, एक अंडे शुद्ध पाण्यात आणि दुसरे साखरेच्या दाट पाकात बुडवून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करावे. वजनातील फरकाला मूळ वजनाने भागून १०० ने गुणले की टक्केवारी मिळते. अंडी लहानमोठी असल्यामुळे नुसत्या ग्रॅमची तुलना करू नये. पाण्यातले अंडे ताठ आणि जड होते, पाकातले पिचकते आणि त्याचा पापुद्रा सुरकुततो.

व्हिनेगरमध्येही अंडे फुगलेले असते, म्हणून सुरुवातीचे वजन कवच काढल्यानंतरचेच धरावे. पाकाऐवजी मिठाचे द्रावण घेण्याचा मोह टाळलेला बरा. हा पापुद्रा लहान आयनांना बराच मोकळा असल्याने मीठ आत शिरते आणि निकाल गोंधळाचा येतो. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपण ज्यातून पाणी जाताना पाहतो तो कवचाखालचा पापुद्रा आहे, पेशीपटल नव्हे. तो तंतुमय प्रथिनांचा असतो आणि खरी पेशी आत बलकाच्या रूपात असते. परासरणाची दिशा दाखवण्यास हा प्रयोग उत्तम आहे, पण पेशी कधी फुटते याचे उत्तर त्यातून काढता येत नाही.

गालाच्या आतील पेशी खरवडून घेण्याची सूचना काही ठिकाणी आढळते. त्या पेशी वरच्या थरातल्या, बहुतांशी मृत किंवा मृतवत् असतात आणि त्यांचे पटल शाबूत असेलच असे नाही. पेशीची रचना पाहण्यास त्या चांगल्या. या कामासाठी त्या घेऊ नयेत.

रक्तपेशींवरचा प्रयोग

हा प्रयोग प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या किंवा तंत्रज्ञांच्या देखरेखीखालीच करावा. स्वतःचे किंवा सहाध्यायाचे बोट टोचून रक्त घेऊ नये. प्रयोगशाळेला अधिकृतपणे मिळालेले, न गोठण्यासाठी सायट्रेट किंवा ईडीटीए घातलेले प्राण्याचे रक्त वापरावे, हातमोजे घालावेत आणि शेवटी साऱ्या नळ्या ब्लीचच्या द्रावणात बुडवून ठेवाव्यात.

प्रथम १ टक्का मिठाचे द्रावण तयार करावे. त्यातील ९ मिलिलिटर आणि शुद्ध पाणी १ मिलिलिटर मिळून ०.९ टक्के, ७ आणि ३ मिळून ०.७, ५ आणि ५ मिळून ०.५, ३ आणि ७ मिळून ०.३ टक्के, अशा नळ्या कराव्यात. एका नळीत नुसते शुद्ध पाणी असावे. प्रत्येकीत रक्ताचे दोन-तीन थेंब टाकून नळी एक-दोनदा सावकाश उलटी-सुलटी करावी. जोरात हलवल्यास पेशी त्या धक्क्यानेच फुटतात.

निकाल वाचण्यासाठी नळीमागे छापील कागद धरावा. पेशी शाबूत असतील तर त्या प्रकाश विखुरतात, द्रव गढूळ दिसतो आणि पलीकडची अक्षरे मुळीच वाचता येत नाहीत. पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन पाण्यात मिसळते, द्रव पारदर्शक लाल होतो आणि त्यातून अक्षरे स्वच्छ वाचता येतात. मधल्या नळ्यांत शंका आली तर त्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवाव्यात. वरचा द्रव रंगहीन निघाला तर पेशी टिकल्या, लाल निघाला तर काही किंवा साऱ्या फुटल्या. बकरी किंवा मेंढीच्या पेशी मानवी पेशींहून नाजूक असल्यामुळे त्या वरच्या आकड्यांपेक्षा दाट द्रावणातच फुटताना दिसतील. तो निकाल चुकीचा समजू नये.

आकसणे पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शी हवाच, कारण नळीत ते कळत नाही. ०.९ टक्के द्रावणातील पेशींचा थेंब काचपट्टीवर घेऊन आच्छादक काच ठेवावी, तिच्या एका कडेला ३ टक्के मिठाचा थेंब सोडावा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घ्यावा. द्रावण पोहोचताच गुळगुळीत कडांच्या पेशींवर बारीक काटे उमटत जातात. नुसत्या काचेच्या संपर्कानेही काही पेशी काटेरी होतात, म्हणून मीठ न सोडलेली एक काचपट्टी तुलनेला हाताशी असावी.

यानंतर १.८ टक्के युरियाच्या नळीत रक्त टाकावे. कणसंख्या रक्ताइतकीच असूनही द्रव पाहता पाहता गढुळाचा पारदर्शक होतो. युरिया आत शिरला, त्याला खोडल्यावर बाहेर उरले शून्य, म्हणजे पेशीच्या दृष्टीने हे शुद्ध पाणीच होते. शेवटच्या नळीसाठी १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ आणि १.८ ग्रॅम युरिया दोन्ही विरघळवून घ्यावेत आणि रक्त टाकण्याआधी उत्तर कागदावर लिहून ठेवावे. एकूण कणसंख्या ६०० आहे, म्हणून केवळ दाटपणा पाहणारा ‘पेशी आकसेल’ असे लिहील. युरिया खोडला तर उरतात मिठाचे ३००, आणि उत्तर येते की पेशी टिकेल. पाणी युरियापेक्षा जलद निघत असल्याने सुरुवातीस ती क्षणभर आकसते, पण युरिया आत पोहोचताच पाणीही परत येते. नळी गढूळच राहते आणि मागची अक्षरे वाचता येत नाहीत.